कडवट गाणी ऐकणारी मुले आणि घाबरलेले पालक

गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात एक काळजी माझ्यासमोर इतक्या वेळा मांडली गेली आहे की, पालकांनी पहिले वाक्य उच्चारताच पुढची तीन-चार वाक्ये मला ठाऊक असतात. "मॅडम, दिवसरात्र कानांत ते इअरफोन घातलेले असतात. गाणी ऐकायला आमची ना नाही हो, पण ही कसली गाणी? नुसतं तुटलं, फसलं, संपलं, मी वाईट, जग वाईट. आमच्या घरात असं काय कमी आहे?" हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते आणि तो विचारताना तिचा आवाज थोडा कापतो. गाणी कधी इंग्रजी असतात, कधी हिंदी. अलीकडे ती मराठीतही असतात आणि तेव्हा पालक अधिक घाबरतात, कारण शब्द कळतात.

या प्रश्नाला मी अनेक वर्षे जे उत्तर देत होते ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. एका कुटुंबाबरोबर काम करताना त्यातला अपुरेपणा माझ्या ध्यानात आला, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत, नावे दिलेली नाहीत, आणि सात महिन्यांत झालेल्या सतरा भेटी मोजक्या संवादांत आणल्या आहेत. लिहिण्यापूर्वी मुलीची आणि तिच्या आईवडिलांची संमती घेतली आहे.

पहिल्या भेटीला आईवडील दोघेच आले. मुलगी पुण्यातच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, वय १९. वडील बँकेत अधिकारी. त्यांनी पिशवीतून बँकेचीच एक जुनी दैनंदिनी काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. मुलगी ऐकत असलेल्या एका मराठी बँडची चार गाणी त्यांनी स्वतः यूट्यूबवर ऐकून, थांबवून, पुन्हा ऐकून अक्षरशः उतरवून घेतली होती. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला, आणि ज्या ओळी त्यांना गंभीर वाटल्या त्यांच्याखाली पट्टी धरून लाल रेघ मारलेली. अशा अकरा ओळी होत्या. त्यांतल्या एका ओळीखाली दोन रेघा होत्या. ती ओळ अशी होती: "मला मरण हवे, दुसरे काही नको."

"हे ती दिवसातून किती वेळा ऐकते?" मी विचारले.

"रात्री बाराच्या पुढे सुरू होतं," आई म्हणाली. "भिंतीपलीकडून ठेका ऐकू येतो. तो थांबला की मी हुश्श करते, तर पुन्हा पहिल्यापासून."

मी ती ओळ दोनदा वाचली आणि मुलीला त्याच आठवड्यात घेऊन यायला सांगितले. मी काय केले नाही हेही इथेच नोंदवते, कारण पुढे त्याला महत्त्व आले. मी ते गाणे ऐकले नाही. वडिलांच्या सुबक अक्षरावर मी विश्वास ठेवला.

ज्या पालकांना हे सारे जग परके आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुलगी ऐकत होती तो बँड 'इंडी' प्रकारातला. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र. अशा बँडमागे मोठी संगीत कंपनी नसते. चार-पाच मुले तासाच्या भाड्याने खोली घेऊन सराव करतात, गाणी स्वतः लिहितात, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करतात आणि स्वतःच इंटरनेटवर ठेवतात. आपल्याकडे ही परंपरा कालची नाही. मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला आणि 'एनएच७ वीकेंडर' २०१० साली आपल्या पुण्यातूनच सुरू झाला. चित्रपटाच्या गाण्यात नायकाची परिस्थिती, निर्मात्याची गरज आणि प्रेक्षकांची पसंती सांभाळावी लागते. इथे तसे बंधन नसते, त्यामुळे एरवी माणूस रोजनिशीत लिहील आणि कुलूप लावून ठेवील ते या मुलांच्या गाण्यात येते. त्यात कडवटपणा असतो, स्वतःवरचा राग असतो, शहराविषयीची तक्रार असते. ते ऐकून पालक दचकतात, आणि दचकण्यात त्यांचे काही चुकते असे मी कधीही म्हणत नाही.

मुलगी आली ती हात बांधून बसली. अशा वेळी मी गाण्यांचा विषय आधी काढत नाही. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास यांची चौकशी केली आणि मग सरळ विचारले, "जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं, असं मनात येतं का?" अनेक पालकांना वाटते की असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल. तसे होत नाही. विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "नाही. कधी कधी नुसतं झोपून राहावंसं वाटतं. पण ते वेगळं." पुढच्या भेटींत मी हा प्रश्न आणखी दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आले.

बँड तिला कसा सापडला हे विचारल्यावर मात्र तिने बांधलेले हात सोडले. जुलैतली संध्याकाळ, महाविद्यालयाजवळच्या एका छोट्या कॅफेच्या शेडखाली ती पाऊस थांबण्याची वाट पाहत उभी होती. आत रात्रीच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. तारा ओढून झाल्या, ड्रम लागले, आणि गाणारा मुलगा एकच ओळ म्हणून थांबला. आवाज नीट येत नव्हता म्हणून त्याने ती पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. "पूर्ण गाणं असतं तर मी ऐकून विसरले असते," ती म्हणाली. "ती एकच ओळ चार वेळा ऐकली. पाऊस थांबला तरी मी तिथेच उभी होते."

"कुठली ओळ?"

"ती नाही सांगणार."

मी आग्रह केला नाही. नवख्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते की, अशा नकाराचा मान राखला तर तो पुढे आपल्या उपयोगी पडतो.

त्याऐवजी मी तिला एक काम दिले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी बैठक तयार झाली आहे, आणि एखादी घटना माणसाला काय करते यापेक्षा माणूस त्या घटनेचे स्वतःशी काय करतो हे पाहण्याची सवय मला त्या पद्धतीने लावली. (एलिस आपल्या शिबिरांत स्वतः रचलेली गमतीची गाणी लोकांकडून म्हणवून घेत असत. गाणे मनावर कसे चढते हे त्यांना चांगले कळत असावे.) मी तिला म्हणाले, "हवी तेवढी गाणी ऐक. मी एकही कमी करायला सांगणार नाही. फक्त गाणं संपल्यावर पुढच्या अर्ध्या तासात तू काय केलंस, आणि मन हलकं झालं की जड झालं, एवढं लिहून ठेव. कुठे होतीस तेही लिही."

तीन आठवड्यांनी तिने वही आणली. त्यात ३४ नोंदी होत्या. गाणे जवळपास प्रत्येक नोंदीत तेच होते. बसमध्ये ऐकले: हलके. मैत्रिणीबरोबर टेकडी चढताना एकेक इअरफोन वाटून घेऊन ऐकले: हलके, नंतर खूप बोललो. भांडी लावताना ऐकले: काही नाही. रात्री साडेबारा, पलंगावर, दिवा बंद, सलग सहा वेळा: जड. पुढचा अर्धा तास: छताकडे पाहिले. अशा रात्रीच्या नोंदी अकरा होत्या आणि अकराही जड होत्या.

"मॅडम, गाणं तर एकच आहे," ती स्वतःच म्हणाली. "मग असं का?"

मला हवा होता तो प्रश्न तिच्याच तोंडून आला होता. मी विचारले, "रात्री गाणं संपतं आणि तू पुन्हा लावतेस, त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत मनात कुठलं वाक्य येतं?"

ती बराच वेळ गप्प बसली. "मी तशीच आहे," ती म्हणाली. त्या दिवशी त्यापुढे ती बोलली नाही.

पाचव्या भेटीनंतर तिच्या संमतीने मी वडिलांना एकत्र बैठकीसाठी बोलावले. उद्देश साधा होता. वडिलांनी जी ओळ मनात धरली होती ती त्यांनी मुलीसमोर वाचून दाखवावी आणि आपली भीती तिला सांगावी. इतके दिवस ती भीती घरात रागाच्या रूपाने वावरत होती: आवाज कमी कर, झोप आता, हे काय लावले आहेस. वडिलांनी दैनंदिनी उघडली, चष्मा लावला आणि खाली मान घालून वाचले, "मला मरण हवे, दुसरे काही नको."

मुलगी एकदम पुढे झुकली. "काय लिहिलंयस बाबा? दाखव."

तिने दैनंदिनी ओढून घेतली. मग पाठीवरच्या पिशवीतून एक आठ पानी पुस्तिका काढली, झेरॉक्स करून मध्ये दोन पिना मारलेली. कार्यक्रमाच्या दिवशी बँडची मुले ती ५० रुपयांना विकत होती. त्यात गाण्यांचे शब्द छापलेले होते. तिने तिसरे पान उघडून वडिलांसमोर ठेवले आणि ओळीवर बोट टेकवले.

मला स्मरण हवे, दुसरे काही नको.

खोलीत कोणी काही बोलले नाही. वडील पुस्तिकेकडे पाहत होते, मी दैनंदिनीकडे. मग मुलीने मोबाइलवर ते गाणे लावले आणि मी ते पहिल्यांदा ऐकले. त्या ओळीच्या सुरुवातीलाच ड्रमवाला झांजेवर जोरात प्रहार करतो. झांजेचा सळसळता आवाज आणि 'स'चा उच्चार हे दोन्ही उंच कंप्रतेचे असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात सहज बुडून जातो. आधीचा 'ला' तसाही लांब आहे, म्हणून लयीलाही धक्का लागत नाही. कान लावून ऐकले तरी 'मला मरण हवे' असेच ऐकू येत होते. वडिलांनी चुकीचे ऐकले नव्हते, त्यांच्या कानापर्यंत जे पोहोचले तेच त्यांनी इमानाने लिहिले होते, आणि जे लिहिले ते उराशी धरून चार महिने रात्री जागून काढल्या होत्या.

"मी रोज रात्री तुझ्या दारापाशी येऊन उभा राहायचो," ते म्हणाले. "आतून आवाज येतोय म्हणजे तू आहेस, एवढंच बघायला."

मुलगी रडू लागली. वडिलांनी खिशातून पेन काढले, 'मरण' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, वर 'स्मरण' लिहिले आणि शेजारी छोटी सही केली. बँकेच्या कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, तीस वर्षांची सवय. त्यांना ते आपण केले याचे भानही नव्हते. मुलीने ती सही पाहिली आणि रडता रडता तिला हसू आले.

अनेक जण म्हणतील की प्रश्न इथे सुटला. गैरसमज दूर झाला, वडिलांची भीती गेली. मलाही क्षणभर तसे वाटले. पण रात्रीच्या त्या अकरा नोंदी वडिलांच्या ऐकण्यातल्या चुकीमुळे जड झालेल्या नव्हत्या. म्हणून मी घाई केली नाही आणि तिला विचारले, "पावसात चार वेळा ऐकलेली ओळ हीच का?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि पुस्तिकेचे पान उलटले. या वेळी तिने ती ओळ वाचून दाखवली.

दारापाशी गेलो, बेल वाजवली नाही,
मग वर्षभर सांगत फिरलो, कोणी दार उघडले नाही.

मग तिने जे सांगितले ते घरात कोणालाच माहीत नव्हते. दोन वर्षांपूर्वी, तिच्या सीईटीच्या आठवड्यात, साताऱ्याजवळच्या गावी तिची आजी गेली. परीक्षा बिघडू नये म्हणून घरच्यांनी तिला चार दिवस कळू दिले नाही. पेपर झाल्यावर सांगितले, तोवर सगळे उरकले होते. आपल्याकडे कितीतरी घरांत असे होते, आणि करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. या गोष्टीचा तिने वडिलांवर दोन वर्षे राग धरला होता. मैत्रिणींनाही ती तेच सांगत आली: मला आजीला शेवटचे भेटू दिले नाही.

"पण आजीचे त्याच्या आधी दोन मिस्ड कॉल होते," ती म्हणाली. "एक सोमवारी, एक बुधवारी. मी बघितले होते. म्हटलं, पेपर झाल्यावर करू. बेल मीच नाही वाजवली. आणि सगळ्यांना सांगत फिरले की दार उघडलं नाही."

गाणे तिच्या मनात इतके खोल का रुतले याचे उत्तर या दोन वाक्यांत होते. दोन वर्षे ज्या गोष्टीला तिच्याकडे शब्द नव्हते, ती गोष्ट कोणा अनोळखी मुलाने तिच्याच भाषेत, तिच्याच शहरात, पावसात उभी असताना चार वेळा म्हणून दाखवली होती. गाण्याने तिला दुःख दिले नव्हते. आत असलेल्या दुःखाला गाण्याने नेमके नाव दिले होते. इथपर्यंत गाण्याने फार मोठे काम केले होते आणि ते मला सतरा भेटींतही जमले असते की नाही, सांगता येत नाही.

पण रात्री दिवा बंद करून तेच गाणे सहाव्यांदा ऐकताना ती आणखी एक गोष्ट करत होती. गाणारा म्हणतो, मी बेल वाजवली नाही. ती त्यात आपल्या पदरचे वाक्य जोडत होती: 'मी तशीच आहे.' म्हणजे एक चूक झाली एवढ्यावर न थांबता आपण माणूसच वाईट, आणि कायमचे वाईट, असा निवाडा ती दर रात्री सहा-सहा वेळा स्वतःला ऐकवत होती. गाण्यात तो निवाडा नव्हता. माझ्या कामाचा गाभा म्हणाल तर तो इथे आहे. पश्चात्ताप माणसाला फोन उचलायला शिकवतो. स्वतःवर मारलेला 'वाईट' हा शिक्का त्याला छताकडे पाहत ठेवतो. दोन्ही दुःखेच आहेत, पण त्यांतले एक निरोगी आहे आणि दुसरे नाही.

वडील इतका वेळ शांत होते. ते म्हणाले, "आई त्या आठवड्यात सगळ्यांनाच फोन लावत होती. मलाही लावला होता. मी शाखेत होतो, गर्दी होती. मीही नाही उचलला."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले. हे त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. त्यानंतर सुमारे वीस मिनिटे त्या खोलीत माझी काही गरज नव्हती आणि मी एक शब्दही बोलले नाही. माझ्या व्यवसायात बोलण्यापेक्षा न बोलण्याची वेळ ओळखणे अवघड असते, आणि त्या दिवशी मला ती ओळखता आली याचे समाधान मला आजही आहे.

या अनुभवानंतर पालकांना मी पहिली गोष्ट सांगते ती अशी: मूल काय ऐकते याची यादी करून निदान करू नका. माझ्याकडे आलेला एक मुलगा दिवसभर लग्नाच्या वरातीत वाजावीत तशी उडती गाणी ऐकत असे. घरचे निर्धास्त होते, आणि प्रत्यक्षात तो गंभीर नैराश्यात होता. तो ती गाणी ऐकत होता कारण शांतता त्याला सहन होत नव्हती. उलट कडू गाणी ऐकणारी कितीतरी मुले धडधाकट असतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अत्यंत आक्रमक संगीताच्या १८ ते ३४ वयोगटातील ३९ श्रोत्यांना आधी राग येईल असे काही आठवायला लावले आणि मग त्यांचे आवडते संगीत ऐकू दिले. संगीताने राग वाढवला नाही, उलट उत्साहाची भावना वाढली. बर्लिनमधील दोन संशोधकांनी २०१४ साली ७७२ लोकांना दुःखी संगीताने काय वाटते हे विचारले, तेव्हा सर्वाधिक वेळा आढळलेली भावना दुःखाची नव्हती, ती गतकाळाच्या हुरहुरीची होती. स्मरणाची, असे मी आता म्हणते.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. नाट्यशास्त्रात शोक हा स्थायी भाव आणि करुण हा रस, असा स्पष्ट भेद केलेला आहे. शोक भोगावा लागतो आणि करुणाचा आस्वाद घेता येतो. जे कीर्तनात डोळे पुसतात ते घरी जाऊन भाकरी खातात आणि शांत झोपतात. आपल्या आजीआजोबांना आपण याबद्दल कधी समुपदेशकाकडे नेले नाही.

पण याच्या उलट टोकाला जाऊन 'संगीत आहे, त्याने बरेच वाटते' असेही मी म्हणणार नाही. ज्यांना मनात तेच तेच घोळवण्याची सवय आहे त्यांना दुःखी संगीत आणखी खाली नेऊ शकते, हेही संशोधनात दिसले आहे. मित्रांबरोबर ऐकले म्हणजे हमखास चांगले, असेही नाही, कारण काही वेळा चार जण मिळून एकमेकांचे दुःख फक्त घोळत बसतात. म्हणून विचारायचे ते गाण्यानंतरचे. गाणे संपल्यावर तुमचे मूल बोलते का, उठते का, काही लिहिते का, मित्राला फोन करते का, की पुन्हा तेच लावून भिंतीकडे तोंड करते? शब्दांखाली लाल रेघा मारण्यापेक्षा या अर्ध्या तासाकडे लक्ष द्या.

आणि मुलांशी बोलताना 'तू हे का ऐकतोस' असे विचारू नका. आपल्या घरांत 'का' हा शब्द आरोपासारखा वापरला जातो आणि मुलांना तो तसाच ऐकू येतो. 'यातली तुला कुठली ओळ आवडते' असे विचारा. उत्तर मिळाले नाही तर राहू द्या, काही दिवसांनी मिळेल. 'मला एक गाणे ऐकव' असे म्हणा, आणि ते गाणे चालू असताना बोलू नका. तीन-चार मिनिटेच असतात. आवडले नाही तर आवडल्याचे नाटक करू नका, मुलांना ते तत्काळ कळते. नीट ऐकले एवढे पुरते. आणि हो, शब्द कळले असे गृहीत धरू नका, विचारा. मी आता कोणत्याही मुलाच्या गाण्याबद्दल मत बनवण्यापूर्वी ते त्याच्याबरोबर बसून पूर्ण ऐकते. तेवढा वेळ मी प्रत्येक भेटीत राखून ठेवते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही तो ठेवायला लावते.

एक बाब मात्र कोणत्याही गाण्यावर अवलंबून नाही. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, आंघोळ, कॉलेज, मित्र एकेक करून सुटत असतील, 'मी तुमच्यावर ओझे आहे' अशी भाषा येत असेल किंवा मूल आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागले असेल, तर गाण्यांची चर्चा बाजूला ठेवून तत्काळ मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस ही शासनाची १४४१६ या क्रमांकावरची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आणि विनामूल्य सुरू आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते. मूल नको म्हणाले तरी पालक स्वतःसाठी तिथे फोन करू शकतात.

मुलीबरोबरचे माझे पुढचे काम तुलनेने सरळ होते. रात्रीचे ऐकणे तिने बंद केले नाही, मीही सुचवले नाही. तिने एवढेच ठरवले की गाणे एकदा ऐकायचे आणि मग दिवा लावून आजीविषयी आठवेल ते एक वाक्य लिहायचे. पहिल्या काही दिवसांत मिस्ड कॉलच येत राहिले. मग अडकित्ता आला, मग आजीची चहाची बशी फुंकण्याची पद्धत, मग तिने एकदा कंडक्टरशी घातलेला वाद. 'मी तशीच आहे' या वाक्याशी आम्ही चार भेटी झुंजलो. तिने ते अखेर 'मी त्या आठवड्यात फोन उचलला नाही' असे केले. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा लांब आहे, पण त्यात एकच आठवडा आहे. ऑगस्टमध्ये वडील तिला गावी घेऊन गेले आणि आजीच्या शेवटच्या चार दिवसांत काय काय झाले ते त्यांनी तिला आजीच्या खोलीत बसून, काही न वगळता सांगितले. ही कल्पना माझी नव्हती, त्यांची होती.

डिसेंबरात त्या बँडचा पुन्हा कार्यक्रम होता. वडिलांनी मला विचारले की आपण गेलो तर तिला आवडेल का. मी म्हणाले, तिलाच विचारा. त्यांनी विचारले आणि ती त्यांना घेऊन गेली. शेवटच्या भेटीत तिने त्याची हकीकत सांगितली. साठ-सत्तर मुले, त्यांत पन्नाशीचा एकच माणूस. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही म्हणून कार्यक्रम लवकर सुरू झाला होता, आणि वडील कामावरून थेट आले होते. दोघांची हेल्मेटे दोन हातांत धरून, कानांत कापूस घालून ते शेवटपर्यंत मागच्या भिंतीशी उभे राहिले.

"ते गाणं आलं तेव्हा मी वळून बघितलं," ती म्हणाली. "बाबाने कानातला कापूस काढला होता आणि तो ड्रमवाल्याकडे टक लावून बघत होता. 'स्' ऐकू येतो का, ते बघत होता."

"आला का ऐकू?"

"नाही. स्टेजवर तर अजिबातच नाही येत. मग बाहेर पडताना त्याने ती पुस्तिका घेतली. म्हटलं, बाबा, आपल्याकडे आहे. तरी घेतली."